टाकी पास झाली, तर

माझ्या वडिलांनी आमच्याकडे कायमचे राहण्यासाठी जी अट घातली, ती काचेच्या एका टाकीविषयी होती. टाकी गळायची थांबली तर ते राहणार होते. नाही थांबली तर शहराच्या टोकाला असलेल्या वृद्धनिवासात जाणार होते. तिथल्या बागेत सिमेंटचा हौद होता आणि हौदात स्वतःचे मासे सोडायला परवानगी होती.

"मला काय, कुठेही चालतं," ते म्हणाले. "प्रश्न मुकादमाचा आहे."

मुकादम हा आईचा मासा. नारिंगी, पोटाखाली पांढरट, तळहाताएवढा. कशालाही हात न लावता दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत देखरेख करत फिरतो, म्हणून आईने त्याला हे नाव दिले होते. आई गेली तेव्हा त्यांच्या जुन्या घरात मागे दोघे उरले आणि त्या दोघांचे आपसात फारसे सख्य नव्हते. "तिचा आहे, माझा नाही," असे वडील भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आणि सांगता सांगता चिमटीने त्याला खाणे घालत.

मग घर विकले. सामान हलवताना जुनी टाकी ट्रकमध्ये फुटली. मुकादम वाचला, कारण तो वडिलांच्या मांडीवर बादलीत होता. ट्रकच्या पुढच्या सीटवरून, बादली दोन्ही हातांनी कवटाळून, ते आमच्या दारात उतरले तेव्हा त्यांची विजार गुडघ्यांपर्यंत भिजली होती. ते म्हणाले की रस्ता चांगला आहे.

तेव्हापासून मुकादम आमच्या बाथरूममध्ये, कपडे भिजवायच्या निळ्या टबात राहत होता. अंघोळ करताना त्याच्याकडे पाठ करावी की तोंड, याविषयी घरात एकमत नव्हते. साबणाचा शिंतोडा टबात जाऊ नये म्हणून आम्ही सगळे आकसून, भिंतीला चिकटून, दुसऱ्याच्या घरी आल्यासारखे अंघोळ करत होतो.

वडील नोकरीत लिफ्ट तपासनीस होते. इमारतींच्या लिफ्ट तपासून त्यांना चालवायचा परवाना द्यायचा किंवा द्यायचा नाही, हे त्यांचे काम. पास आणि नापास या दोन शब्दांच्या मधल्या प्रदेशात त्यांना कधी कुणी पाहिले नव्हते. स्वतः मात्र ते जिन्यानेच चढत. कुणी कारण विचारले तर म्हणत, "मी फक्त तपासतो. भरवसा ठेवणं हे वेगळं खातं आहे."

आणि मी विमा कंपनीत, पाण्याने झालेल्या नुकसानीचे दावे पाहतो. आमच्या नियमांनुसार अचानक फुटलेल्या पाण्याची भरपाई मिळते, हळूहळू झिरपलेल्या पाण्याची मिळत नाही. रोज मी कुणा ना कुणाला हे सभ्य भाषेत कळवतो. भिंतीवर ओल उमटते, रंगाला पोपडे येतात, एके दिवशी कपाटामागचा सगळा काळोख बुरशीने भरलेला सापडतो, आणि माणसे लिहितात की हे काल रात्रीच झाले. मला त्यांचा राग येत नाही. आपल्या घरात काय झिरपते आहे हे ज्याला वेळेवर कळले, असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

नवी टाकी मी एका दंतवैद्याकडून जुनी म्हणून घेतली. तो दवाखाना बंद करत होता. पेशंट वाट पाहत बसत त्या खोलीत ती टाकी होती, आणि कित्येक वर्षे घाबरलेल्या माणसांनी तिच्याकडे टक लावून पाहिल्यामुळे असेल, तिच्या काचेला एक प्रकारचा थकवा आला होता.

"गळते का?" मी विचारले.

"गळत नाही," दंतवैद्य म्हणाला. "जरा घाम येतो तिला."

पहिल्या संध्याकाळी आम्ही ती भरून ठेवली. सकाळी त्या घामात चटई भिजली, चटईवरचा रेडिओ भिजला आणि खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन, छतातून रात्रभर थेंब पडत होते, आमच्याकडे कुणी आजारी आहे का, असे विचारून गेल्या.

त्याच दुपारी ताई आली. ही माझी मोठी बहीण. तिचे कपडे धुण्या-इस्त्रीचे दुकान आहे आणि कुठलाही डाग पाहून तो जाणार की नाही हे ती लांबूनच सांगते. वृद्धनिवासाचा पत्ता तिनेच आणला होता.

"पंडित," ती म्हणाली. लहानपणापासून ती मला याच नावाने हाक मारते, कारण पाणी मागायचे असले तरी मी आधी प्रस्तावना करतो असे तिचे मत आहे. "माणसाला ठेवून घ्यायचं असेल तर त्याला राहा म्हणतात. टाक्या दुरुस्त करत बसत नाहीत."

"मग तू म्हण."

"मी कशी म्हणू? माझ्याकडे दीड खोली आणि त्यात सासूबाई. त्यांच्यात आणि अप्पांच्यात पंखा किती नंबरवर ठेवायचा यावरून खून पडेल."

"पंखा दोनवर ठेवावा," वडील वर्तमानपत्राआडून म्हणाले. मग पान उलटून, त्याच सुरात, "सूनबाईला विचारलंय का कुणी?"

माझी बायको तेव्हा स्वयंपाकघरात होती आणि नळ चालू होता. कुणी विचारले नाही.

विचारायचे काय होते ते सगळ्यांनाच ठाऊक होते. वडिलांना दिलेली छोटी खोली तिची होती. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत पाहून झाले की घरी येऊन त्या खोलीत चित्रे काढत बसायची. वडील येणार असे ठरले त्या दिवशी तिने आपले टेबल स्वतः ओढत गॅलरीत नेले आणि त्यावर प्लास्टिक टाकले. ती काही बोलली नाही. आमच्या घराण्यात न बोललेल्याचा अर्थ लावायची जुनी सवय आहे आणि तो अर्थ सहसा वाईटच निघतो.

वृद्धनिवासाच्या व्यवस्थापक बाईंनी एक खोली येत्या शनिवारच्या संध्याकाळपर्यंत राखून ठेवायचे कबूल केले. वडिलांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "शनिवारी चाचणी," ते म्हणाले. "पास झाली तर बघू."

मी त्यांना राहा म्हणालो नाही. मी हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

"बाथरूमचं सिलिकॉन नेऊ नका," दुकानदार म्हणाला. "त्यात बुरशी मारायचं औषध असतं. मासा उलटा होईल. हे साधं न्या. आणि जुनं सगळं खरवडून काढा. जुन्यावर नवं बसत नाही."

"अजिबात?"

"वरून बसल्यासारखं दिसतं."

मी क्षणभर काउंटरवर हात टेकून उभा राहिलो. त्याला वाटले मला किंमत जास्त वाटते आहे. त्याने एक ब्लेड फुकट दिले.

रविवारी सकाळपासून आम्ही दोघे, मी आणि बायको, छोट्या खोलीत जुने सिलिकॉन काढत बसलो. वडील बाहेरच्या खोलीत होते. टाकीशी आपला संबंध निकालापुरता आहे, असे त्यांनी जाहीर केले होते. दंतवैद्याच्या काळातले सिलिकॉन पिवळे पडून काचांच्या कोपऱ्यांत दातांवरच्या किटणासारखे चिकटून बसले होते. ब्लेड काचेला सपाट धरून ढकलले की त्याच्या चिंध्या निघत. मी घाई करत होतो. बायको करत नव्हती. तिच्या बाजूची काच अशी निघाली, की तिथे कधी काही चिकटले होते हे काचेलाही आठवू नये.

"तुझ्याकडचा तो कोपरा," ती म्हणाली.

"झालाय."

"चष्मा लाव."

मी चष्मा लावला. झाला नव्हता.

मग स्पिरिटने काचा पुसल्या. सांध्याच्या दोन्ही अंगांना कागदी चिकटपट्टी लावली, म्हणजे मधे रस्ता सोडून दोन्हीकडे फुटपाथ आखावा तशी. सिलिकॉनची नळी गनमध्ये बसवून मी घोडा दाबला आणि कोपऱ्यातून पारदर्शक, जाड, निमूट अशी एक रेघ काढत गेलो. मागोमाग बायकोने ओल्या बोटाने ती एका दमात, न थांबता, दाबून बसवली. थांबले तर तिथे गाठ पडते. खोलीत व्हिनेगरचा वास भरला. शेवटी चिकटपट्ट्या ओढून काढल्या, तेव्हा सांधा इतका नितळ दिसत होता की मला उगीच बोलावेसे वाटले.

"गंमत बघ," मी म्हणालो. "हे हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं. म्हणजे पाणी अडवणारी वस्तू पाण्यावाचून पिकत नाही."

"खिडकी उघड," ती म्हणाली. "डोळे चुरचुरताहेत."

दुकानदाराने निक्षून सांगितले होते: शनिवारपर्यंत हात लावायचा नाही. वरून साय धरते, आत ओले असते. मी हे सगळ्यांना जेवताना सांगितले. वडील म्हणाले, "मला कशाला सांगतोस? तुमची टाकी, तुम्ही बघा."

तो आठवडा घरात विचित्र शांतता होती. त्या खोलीत वडील झोपत, आणि टाकी त्यांच्या पलंगासमोर स्टुलावर, रिकामी. दोघेही जणू एकाच डॉक्टरची वाट पाहत होते. मी कामावरून आलो की दारातूनच विचारत असे, "कसं काय?" वडील म्हणत, "कशाचं?" मी म्हणे, "टाकीचं." ते म्हणत, "मी बघितलं नाही." मुकादमाचे पाणी मात्र रोज बदललेले असे आणि टबाची कड पुसलेली असे.

मंगळवारी ते अंघोळीला गेलेले असताना मी सांध्याला हळूच बोट लावून पाहिले. कारण सांगता येणार नाही. रंग ओला आहे अशी पाटी वाचल्यावर रंगाला बोट लावणारी जी माणसे असतात, त्यांतला मी आहे. बोट किंचित आत गेले. मी ते काढले, खिशात घातले आणि जेवायला बसलो. बुधवारी ताई येऊन गेली. तिने अप्पांसाठी इस्त्री केलेले सदरे आणले होते आणि ते कपाटात लावायला ती छोट्या खोलीत बराच वेळ होती.

शनिवारी दुपारी चाचणी झाली. वडिलांनी सदरा घातला, खिशाला पेन लावले. ताई हजर होती. टाकीखाली, बाहेरच्या चारही कडांना, मी कोरडे वर्तमानपत्र पसरले, म्हणजे थेंब पडला तर लगेच दिसावा. मग बादलीबादलीने पाणी ओतले. काचेतून पलीकडची ताई रुंद झाली.

आम्ही वाट पाहत उभे राहिलो. बराच वेळ काहीही झाले नाही. ताई म्हणाली की चहा टाकते. ती वळली आणि वर्तमानपत्रावर, पलंगाच्या बाजूला, एक करडा ठिपका उमटला. ठिपक्याचा डाग झाला. एका राजकीय सभेचे छायाचित्र हळूहळू काळे पडत गेले.

वडिलांनी खिशातून पेन काढले, पण लिहायला काही नव्हते म्हणून परत ठेवले.

"नापास," ते म्हणाले.

मला वाटले, माझे बोट. मंगळवारचे ते बोट मला मनगटापर्यंत जड झाले. बापाला घरात ठेवायला राहा एवढा एक शब्द पुरला असता. तो मी उच्चारला नाही आणि वर ही करामत करून ठेवली. मी वाकून डागाच्या वरचा सांधा पाहू लागलो. पण माझे बोट लागले होते ते खिडकीच्या बाजूला. तिथला कागद कोरडा होता.

"थांब," बायको म्हणाली. तिने पर्समधून दुकानातले भिंग आणले, जमिनीवर गुडघे टेकले आणि एका टोकापासून सांधे वाचत निघाली. ती वाचत होती आणि आम्ही तिघे तिच्या मागे, निकाल लागायच्या दिवशी मुले उभी राहतात तसे उभे होतो.

"हे पंडितांचं," खिडकीशी ती म्हणाली. "तर्जनी. शाईचा डागही आहे."

मी बोट खिशात घातले.

"हे ताईंचं. नख आहे."

"मी फक्त टेकवलं," ताई म्हणाली. "सुकलंय की नाही बघायला. कापडाला नाही का आपण हात लावून बघत?"

"हे तुमच्या घराण्यात सगळेच करतात का?" बायको म्हणाली. "माझ्या माहेरी ओल्याला कुणी हात लावत नाही."

मग ती पलंगाच्या बाजूला आली आणि थांबली. भिंग जवळ नेले. लांब केले. पुन्हा जवळ नेले. आणि ते माझ्या हातात दिले.

खालच्या सांध्यावर अंगठ्याचे ठसे होते. एक नव्हता, ओळ होती. रुंद, सपाट अंगठा, त्यावर आडवा एक जुना व्रण, लिफ्टच्या दोरखंडाने कापल्याचा. तो व्रण मी लहानपणी झोप येईपर्यंत चाचपलेला आहे. पहिला ठसा खोल होता, इतका खोल की सिलिकॉन काचेपासून सुटून त्याची कड उचलली गेली होती, आणि पाणी तिथूनच येत होते. त्याच्या शेजारचा जरा कमी खोल. पुढचा त्याहून कमी. असे करत करत शेवटचा ठसा इतका पुसट होता की भिंग तिरपे धरल्याखेरीज दिसत नव्हता. जसजसे ते घट्ट होत गेले तसतसा अंगठा रोज त्याच्या शेजारी उमटला होता. आम्ही कामावर गेल्यावर, भर दुपारी, टाकीशी आपला काही संबंध नाही असे सांगणारा माणूस पलंगावरून उठून रोज ती सुकली का ते पाहत होता.

मी भिंग ताईकडे दिले. तिने पाहिले आणि ती एकाएकी चहा टाकायला गेली.

वडील खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची पाहत होते.

"रोजची तपासणी असते," ते म्हणाले. "नियमाप्रमाणे."

"पहिल्या दिवशी जरा जोरात झाली, अप्पा," मी म्हणालो.

"पहिल्या दिवशी अंदाज नव्हता."

मग ते पलंगाच्या कडेवर बसले. चेहऱ्यावर काही नव्हते. आयुष्यभर नापास लिफ्टच्या मालकांनी त्यांना चहा विचारला, विनवण्या केल्या, धमक्या दिल्या, पण त्यांनी दिलेला शेरा कधी फिरवला नव्हता. आता समोरचा मालक त्यांचाच मुलगा होता, शेरा त्यांचाच होता, आणि बिघाडही त्यांचाच.

"नापास म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "चाचणीच रद्द होते. जोडणी भरून झाल्यावर ज्याने तिला हात लावला त्याला तपासणी करता येत नाही. असा नियम आहे."

"मग कोण करणार? मीही हात लावलाय. ताईनेही."

"हात न लावलेल्याने करायची."

हे म्हणताना त्यांनी कुणाकडे पाहिले नाही. घरात हात न लावलेले माणूस एकच होते. ती अजून जमिनीवर, ओल्या वर्तमानपत्राशेजारी बसलेली होती आणि तिच्या मांडीवर पाण्याचा एक ओघळ आला होता.

तेवढ्यात वडिलांचा फोन वाजला. वृद्धनिवासाच्या व्यवस्थापक बाई. संध्याकाळ अजून व्हायची होती, पण त्या तत्पर होत्या. वडिलांनी फोन उचलला, नमस्कार केला, ऐकून घेतले. मग म्हणाले, "एक मिनिट हं. याचा निर्णय माझ्याकडे नाही. तपासनीसांना देतो." आणि त्यांनी फोन सुनेपुढे धरला.

मी त्यांचे हात पाहिले. ट्रकमधून उतरताना बादली कवटाळली होती, तसा त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता.

तिने आधी पदराला हात पुसले. एवढ्या वेळात, दावा करणारी माणसे माझ्या उत्तराची वाट कशी पाहत असतील, ते मला कळले. मग तिने फोन घेतला.

"बोला," ती म्हणाली. "हो, सून बोलतेय. नाही, ते येत नाहीत. नाही, पुढच्या महिन्यातही नाही. ठेवू नका, देऊन टाका कुणाला तरी." ती ऐकत राहिली. "हौद चांगला आहे, ऐकलंय मी. असू दे." पुन्हा ऐकले. "कारण म्हणजे, त्यांचं इथे काम चाललंय. अर्धवट आहे."

तिने फोन बंद करून सासऱ्यांना परत दिला.

"अप्पा, टेबल गॅलरीतच बरं पडतं," ती म्हणाली. "दुपारी तिथे उजेड चांगला असतो. मी तेव्हाच सांगणार होते. कुणी विचारलं नाही."

"नळ चालू होता," वडील म्हणाले.

"हो. नळ चालू होता."

ताई चहा घेऊन आली, आमच्या तोंडांकडे पाहिले, आणि काय झाले असे विचारले. कुणी सांगेना. तिने ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "पंडित, निदान एकदा तरी प्रस्तावनेशिवाय सांग." मी सांगितले. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि पदराने नाक पुसत म्हणाली की व्हिनेगरचा वास अजून गेलेला नाही.

पाणी उपसायला दुपार गेली. बायकोने पलंगाच्या बाजूचा सगळा सांधा मुळापासून काढायचे ठरवले, कारण जुन्यावर नवे बसत नाही. ते आठवडाभराचे सिलिकॉन पिवळे नव्हते, तुटत नव्हते. एका टोकाला ब्लेड घातल्यावर ते सलग, लवचीक, अंगठ्यांच्या ओळीसकट निघत आले. मला ते ठेवून घ्यावेसे वाटले. मी तसे म्हणणार होतो, पण तोपर्यंत तिने त्याचा बोळा करून पिशवीत टाकला होता.

"आता आठवडाभर या खोलीत कुणीही यायचं नाही," ती म्हणाली. "अप्पा, तुम्ही बाहेरच्या खोलीत झोपा. पंडितांनी दारापर्यंतही यायचं नाही."

"मी दारापर्यंत आलो तर?" वडिलांनी विचारले.

"कशाला?"

"बघायला."

ती ब्लेड पुसत राहिली. नियम करताना वडील जसा वेळ घेत, तसा तिने घेतला.

"दारापर्यंत चालेल," ती म्हणाली. "पण हात मागे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा सांधा भरून झाला. मी दात घासत बाहेर आलो तेव्हा वडील छोट्या खोलीच्या उंबरठ्याअलीकडे उभे होते. आत टाकी होती, रिकामी, आणि काचेवर उजेड होता. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेऊन, एका हाताने दुसऱ्या हाताचा अंगठा घट्ट धरून ठेवला होता.